पिशवी परत खिळ्याला : डोंबिवलीतील एका इमारतीच्या प्रकल्प नोंदी

रविवार, २१ एप्रिल २०२४

डोंबिवली पूर्वेतील आमच्या सोळा बिऱ्हाडांच्या इमारतीतील सहा घरांनी आजपासून हा छोटा प्रकल्प हाती घेतला आहे. बाजारातून येताना दुकानदाराने दिलेली नवी पिशवी घरात येऊ नये, घरातलीच पिशवी बाहेर जाऊन परत यावी आणि हे सारे कोणी आठवण करून न देता घडू लागावे, एवढाच त्याचा हेतू आहे. ‘प्लास्टिकमुक्त इमारत’ असे नाव एकाने सुचवले होते. ते मी आग्रहाने टाळले, कारण तेलाची पिशवी, दुधाची पिशवी आणि बिस्किटांचे वेष्टन यांच्यापुढे आपले काही चालत नाही, आणि न पेलणारे नाव घेतले की माणसे पहिल्याच महिन्यात ओशाळून वही बंद करतात.

पहिला आठवडा कोणीही आपली रीत बदलायची नाही, फक्त मोजायचे, असे ठरले आहे. प्रत्येक घरी फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवला असून, बाहेरून आलेल्या प्रत्येक नव्या पिशवीसाठी त्यावर एक रेघ ओढायची आणि शेजारी ती कशाबरोबर, कुठून आली हे दोन शब्दांत लिहायचे आहे. दुधाच्या पिशव्या आणि कारखान्यातूनच बंद होऊन आलेली पाकिटे मोजणीत धरायची नाहीत. वहीची जबाबदारी माझ्याकडे आहे. मी रोज दादरला कामाला जाते आणि घरची बहुतेक भाजी स्टेशनवरून परतताना घेते, ही माहिती आत्ता क्षुल्लक वाटली तरी नोंदवून ठेवते.

रविवार, २८ एप्रिल २०२४

आमच्या चार माणसांच्या घरात सात दिवसांत सत्तावीस नव्या पिशव्या आल्या. कागदावरच्या रेघा मी दोनदा मोजल्या, कारण अंदाज विचारला असता तर मी ‘असतील आठ-दहा’ असे सांगितले असते. सत्तावीसपैकी चौदा पिशव्या स्टेशनवरून परतताना घेतलेल्या भाजी-फळांच्या, पाच दही, इडलीचे पीठ आणि फरसाणाच्या, तीन वाण्याकडच्या, दोन औषधांच्या, दोन मासळी-चिकनच्या आणि एक चप्पल दुरुस्त करून आणली तिची होती. महिन्याच्या किराण्याला आम्ही पूर्वीपासून मोठी पिशवी नेतो आणि त्याबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतो. मोजल्यावर दिसले की ती पाठ थोपटणे एकूण प्रश्नाच्या नगण्य भागापुरतेच खरे होते.

त्यानंतर स्वयंपाकघराच्या दारामागची ‘पिशव्यांची पिशवी’ आणि कपाटाचा खालचा खण रिकामा केला. लग्नांतल्या आहेराबरोबर आलेल्या, साडीच्या दुकानांतून मिळालेल्या, कार्यालयाच्या समारंभात वाटलेल्या आणि सासूबाईंनी जुन्या कापडाच्या शिवलेल्या मिळून एकोणीस टिकाऊ पिशव्या निघाल्या. एकोणीस पिशव्या घरात पडून असताना सत्तावीस नव्या आल्या, याचा अर्थ पिशव्यांचा तुटवडा हे कारण असूच शकत नाही. अन्य पाच घरांतही चित्र थोड्याफार फरकाने हेच आहे.

कायद्याचा धाक हेही कारण पुरे पडलेले नाही. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी काढलेल्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या कॅरीबॅगचे उत्पादन, विक्री, साठवणूक आणि वापर या सर्वांवरच बंदी घातली आणि जुना साठा संपवण्यासाठी दिलेली मुदत सरल्यावर २३ जून २०१८ पासून दंडाची कारवाई सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिन्यांची कैद, अशी तरतूद आहे. त्या जूनमध्ये डब्यासाठी आणि पिशवीसाठी घराघरांत जी धावपळ झाली होती, ती मला स्पष्ट आठवते. दिवाळीपर्यंत आमच्या घरात तिचा मागमूसही उरला नव्हता. माणसे वाईट होती म्हणून नव्हे, तर दंडाच्या भीतीने उचललेली पिशवी भीती ओसरताच खाली ठेवली गेली म्हणून.

उद्यापासून प्रत्यक्ष बदलाला सुरुवात होईल आणि दिवसांची मोजणी आजच्या तारखेपासून धरली जाईल.

बुधवार, १ मे २०२४

महाराष्ट्र दिनाची सुट्टी असल्याने सकाळी गच्चीवर बैठक झाली. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी मांजरपाटाच्या शंभर पिशव्या शिवून घेऊन त्यांवर इमारतीचे नाव छापावे आणि त्या सर्व सोळा बिऱ्हाडांना वाटाव्यात, अशी सूचना आणली होती. शिंप्याचा दरही त्यांनी काढून ठेवला होता. मी विरोध केला, आणि तो काकांना लागला, हे मान्य केले पाहिजे.

विरोधाचे कारण वहीत नीट लिहून ठेवते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुपरमार्केटच्या निरनिराळ्या पिशव्यांचा कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतचा हिशेब मांडला आहे. हवामानावरील परिणामापुरते पाहिले, तर एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायला कागदी पिशवी तीन वेळा, न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची (हेही एक प्लास्टिकच) अकरा वेळा आणि सुती पिशवी तब्बल १३१ वेळा वापरावी लागते. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अहवालात तुलनेसाठी तिथल्या दुकानांतली जाड प्लास्टिक पिशवी घेतली असून, सुती पिशवीचा आकडा हवामानापुरता ५२ आहे आणि ओझोनच्या थरासह सर्व निकष एकत्र धरले तर ७,१०० आहे. कापसाला पाणी, खत, फवारणी लागते, सूत काढायला आणि विणायला वीज लागते. विदर्भ-खानदेशात ज्यांची शेती आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

‘मग काय, प्लास्टिकच बरं म्हणायचं का?’ असे काकांनी विचारले, आणि प्रश्न रास्त होता. या दोन्ही अभ्यासांत उघड्यावर पडलेल्या, नाल्यात अडकलेल्या किंवा गाईच्या पोटात गेलेल्या पिशवीचे मोल धरलेले नाही. आमच्याकडे नेमके तेच नुकसान मोठे असल्याने निव्वळ आकड्यांवरून प्लास्टिकची बाजू घेणे चुकीचे ठरेल. मात्र त्या आकड्यांतून एक गोष्ट निर्विवाद निघते, ती म्हणजे सुती पिशवी शिवल्याने काहीच साधत नाही. ती शंभर-दीडशे वेळा बाजारात गेली तरच साधते. शंभर पिशव्या सोळा घरांत वाटल्या तर घरटी सहा होतात. आठवड्यातून चार वेळा पिशवी नेली असे धरले, तरी त्या सहांना प्रत्येकी १३१ फेऱ्या घालायला पावणेचार वर्षे लागतील, आणि कपाटातल्या एकोणीस पिशव्या तोवर तशाच राहतील.

ठराव असा झाला की नवे कापड विकत घ्यायचे नाही. पिशवी कमी पडलीच तर ती जुन्या साड्या, पँटी आणि चादरींतून शिवायची. काकांनी शिंप्याच्या दराचा कागद चौकोनी घडी करून खिशात ठेवला आणि ‘बघू’ म्हणाले.

याच बैठकीत ‘कापडी’ म्हणून मिळणाऱ्या पिशव्यांची परीक्षा घेतली, कारण मिठाईच्या आणि कपड्यांच्या दुकानांत हल्ली मिळणारी, हाताला खरखरीत लागणारी, बारीक ठिपक्यांची नक्षी असलेली पिशवी बहुतेकांना कापडीच वाटते. ती विणलेली नसते. पॉलिप्रॉपिलीनचे तंतू उष्णतेने एकमेकांना चिकटवून तिचा पत्रा तयार केलेला असतो. लोखंडी तव्यावर तिचा नखाएवढा तुकडा चिमट्याने धरून पेटवला तर तो वितळून त्याचा कडक मणी होतो; सुती तुकडा कागदासारखा जळून राख होतो. अशा पिशव्या टाकून द्यायच्या नाहीत, कारण आहेत त्या फाटेपर्यंत वापरण्यातच शहाणपण आहे. फक्त त्यांना कापड समजून नव्या आणायच्या नाहीत.

रविवार, १२ मे २०२४

शिवणकामाचा दिवस. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे पायाने चालवायचे शिलाई यंत्र असल्याने त्यांच्या दिवाणखान्यातच बैठक मारली. दोन प्रकारच्या पिशव्या हव्या आहेत, हे आधीच ठरले होते: कांदे-बटाट्यांसाठी दणकट, आणि पर्समध्ये मावेल अशी हलकी.

दणकट पिशवीसाठी जुन्या पँटींचे कापड उत्तम ठरले. गुडघ्यांचा आणि बसण्याचा भाग विरलेला असतो, तो सोडून पोटरीकडचे कापड घ्यावे. पहिल्या पिशवीचे बंद आम्ही तोंडाच्या दुमडपट्टीत जेमतेम दोन सेंटीमीटर खुपसून एक टीप मारली होती. पाच किलो बटाटे भरून जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर एक बंद निसटला आणि बटाटे तळमजल्यापर्यंत गेले. दुसऱ्या पिशवीला बंद तोंडापासून दहा सेंटीमीटर खाली उतरवून घेतला, चारही बाजूंनी चौकोनी टीप मारली आणि चौकोनात फुली घातली. आता ओझे एका टिपेवर न येता सबंध चौकोनावर विभागले जाते. तीच पिशवी सात किलो घेऊन तीन मजले चढली.

बंदांसाठी सर्वांत चांगली वस्तू म्हणजे जुन्या सुती साडीचा काठ. तो मुळातच दाट विणलेला असतो, त्याची एक कड पक्की असते आणि साडी विरून गेली तरी काठ शाबूत राहतो. वहिनींच्या आईची एक इरकल साडी निऱ्यांपाशी पार जाळी झाली होती, तिच्या काठाचे आठ बंद निघाले. कापायला वहिनींचा हात होईना, ते मी पाहिले. त्यांनी कात्री माझ्याकडे दिली आणि चहा ठेवायला आत गेल्या.

तळाला बूड हवे, नाहीतर डबा आडवा होतो. त्यासाठी पिशवी उलटी करून तळाचे दोन्ही कोपरे त्रिकोणी धरायचे आणि टोकापासून पाच सेंटीमीटरवर आडवी टीप मारायची. दहा सेंटीमीटर रुंदीचे बूड तयार होते. हलक्या पिशव्या जुन्या नायलॉन साडीच्या केल्या. त्या मुठीत मावतात, पाण्याने जड होत नाहीत आणि तासाभरात वाळतात. सूत तेवढे पवित्र आणि नायलॉन तेवढे पापी, असा भेद मी या प्रकल्पात करणार नाही, कारण ती साडी वीस वर्षांपूर्वीच विकत घेऊन झालेली आहे.

गुरुवार, २३ मे २०२४

पंचवीस दिवस झाले, आणि प्रामाणिकपणे लिहायचे तर पिशव्या शिवून मोजणीत फारसा फरक पडलेला नाही. गेल्या आठवड्यात आमच्याकडे एकोणीस नव्या पिशव्या आल्या. त्यामुळे या आठवड्यात कागदावर एक जादा रकाना आखला: ‘आपली पिशवी त्या वेळी कुठे होती?’

या रकान्याने आजवरच्या साऱ्या चर्चेपेक्षा अधिक शिकवले. मी समजत होते की पिशवी घरातून निघताना विसरली जाते. सोमवारी मी ती न विसरता नेली होती, स्टेशनवरून भाजी तिच्यातच आणली आणि ओट्यावर रिकामी केली. मंगळवारी सकाळी ती ओट्याखाली, कांद्याच्या टोपलीमागे होती आणि मी सात बावन्नच्या गाडीसाठी धावत होते. बुधवारी तीच कथा. म्हणजे पिशवी जाताना विसरत नाही, आल्यावर विसरते. जी रिकामी होताच आपल्या जागी परतत नाही, ती दुसऱ्या दिवशी असून नसल्यासारखी.

त्यावरून दोन बदल केले. दाराशी, चपलांच्या कपाटावर, हाताच्या उंचीला दोन खिळे ठोकले; एक दणकट पिशवीचा आणि एक घरातून मुद्दाम बाजारात जाणाऱ्याच्या नायलॉन पिशवीचा. माझी रोजची हलकी पिशवी मात्र खिळ्याला न टांगता डब्याच्या कप्प्यात राहील, कारण माझी खरेदी घरातून निघून होतच नाही, ती वाटेत होते. दुसरा बदल शब्दांत आहे. ‘आठवणीने पिशवी ठेवायची’ असे म्हणून काही होत नाही, म्हणून आम्ही वाक्य बांधले: ‘भाजी परातीत पडली की पिशवी झटकायची आणि हात धुण्याआधी जागेवर टाकायची.’ जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की नुसत्या निश्चयापेक्षा ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ अशी प्रसंगाला बांधलेली योजना कितीतरी अधिक वेळा तडीस जाते. आपल्याकडे बाहेरून आल्यावर आधी पाय धुण्याची सवय लहानपणी लागते, ती अशीच, उंबरठ्याला बांधलेली असते.

शनिवार, ८ जून २०२४

या नोंदीचा विषय भाजीवाल्या मावशी. पिशवी जवळ असूनही घरात नव्या पिशव्या येतच होत्या, आणि रकान्यात उत्तर येत होते: ‘खांद्यालाच होती.’ कारण पाहू गेले तर ते वेगाचे निघाले. मेथीची जुडी उचलून मी ‘किती?’ म्हणेपर्यंत ती पातळ पिशवीत जाऊन गाठ बसलेली असते. मग गाठ सोडून पिशवी परत द्यायची, तर मागे चार माणसे उभी असतात.

गेल्या आठवड्यात एकदा गर्दी कमी असल्याने मी मावशींशी बोलले. त्या म्हणाल्या, ‘ताई, मला काय हौस आहे का पिशवी द्यायची? किलोवर विकत आणते मी. नाही म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या पाटीवर जातं. आणि येतात ते ऑफिसातून, त्यांच्या हातात काय असतं? मोबाइल.’ मी म्हटले, ‘मग मी काय करू, ते सांगा.’ त्या हसल्या. ‘पिशवी आधी उघडून धरा. तोंड उघडं दिसलं की माझा हात आपोआप तिकडं जातो.’

एवढा नेमका सल्ला मला कोणत्याही अहवालात मिळाला नव्हता. तेव्हापासून मी भाव विचारण्याच्याही आधी पिशवी पसरून धरते, आणि ‘नको’ म्हणण्याचा प्रसंगच येत नाही. आयर्लंडने ४ मार्च २००२ पासून प्रत्येक प्लास्टिक पिशवीवर पंधरा सेंट कर लावला तेव्हा दरडोई वर्षाला सुमारे ३२८ पिशव्यांचा वापर २१ वर आला होता. पंधरा सेंट ही काही मोठी रक्कम नव्हे. माझ्या समजुतीप्रमाणे तिथे पैशाइतकेच काम त्या एका प्रश्नाने केले असावे, कारण कर लागल्यावर ‘पिशवी हवी का?’ असे विचारल्याशिवाय दुकानदाराला ती देता येईना. आमच्या स्टेशनबाहेर पिशवी फुकट असते, आणि त्याहून वाईट म्हणजे ती न विचारता मिळते.

वाटाणे, मिरच्या, भेंडी अशा सुट्या भाज्या एकाच पिशवीत कालवल्या जातात, ही तक्रार तीन घरांतून आली. जुन्या सुती ओढणीच्या छोट्या थैल्या शिवून ती बरीचशी मिटली.

रविवार, २३ जून २०२४

पावसाने गाठले. सुती पिशवी ओली झाली की दीड पट जड होते, वाळायला दोन दिवस घेते आणि तिला कुबट वास येतो. कोथिंबिरीच्या मुळांचा चिखल, आंब्याचा चीक आणि पावसाचे पाणी यांमुळे आमच्या दोन पिशव्यांवर काळे ठिपके पडले. खालच्या मजल्यावरच्या काकू ‘हे घाणेरडं काही माझ्याच्यानं व्हायचं नाही’ असे म्हणून प्रकल्पातून बाहेर पडल्या. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

ॲरिझोना आणि लोमा लिंडा विद्यापीठांतील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनातील ग्राहकांच्या वापरातल्या पिशव्या तपासल्या होत्या. जवळजवळ सर्वांत जिवाणू मोठ्या संख्येने सापडले, निम्म्या पिशव्यांत कोलिफॉर्म, म्हणजे अस्वच्छतेची खूण मानले जाणारे जिवाणू होते आणि ८ टक्क्यांत आतड्यांत वाढणारा ई. कोलाय. त्या अभ्यासाला अमेरिकेतील रसायन उत्पादकांच्या संघटनेने पैसा पुरवला होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष असा की पिशवी हाताने किंवा यंत्रात धुतली तर ९९.९ टक्क्यांहून अधिक जिवाणू जातात. पिशवी कधी धुतच नाही असेच बहुतेक ग्राहकांनी सांगितले होते, हे वाचून मला आमच्याच घराची आठवण झाली.

पावसाळ्यापुरता शिरस्ता असा ठरला: वाटेतल्या खरेदीला फक्त नायलॉनच्या पिशव्या, सुती पिशव्या केवळ कोरड्या किराण्याला, आणि मासळी-मटणाची पिशवी वेगळी, लाल दोऱ्याने खूण केलेली. दर रविवारी सर्व पिशव्या उलट्या करून कपड्यांबरोबर धुवायच्या, शिवणीत माती राहू द्यायची नाही.

बुधवार, ३ जुलै २०२४

आज सहासष्टावा दिवस. हा आकडा मी मुद्दाम धरून ठेवला होता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एकेक नवी सवय लावायला सांगून त्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा कृती आपोआप होऊ लागायला लागलेला मध्यम कालावधी ६६ दिवसांचा निघाला. हा आकडा मंत्रासारखा सांगितला जातो. त्याच अभ्यासात हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. मधला एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात विशेष खंड पडत नाही, असेही त्यांना आढळले.

माझ्या बाबतीत डब्याच्या कप्प्यातली पिशवी आता खरोखर आपोआप उघडली जाते. काल दादर स्टेशनबाहेर जांभळे घेताना ती हातात कधी आली हे मला कळलेही नाही. यजमानांच्या बाबतीत तसे काही घडलेले नाही. ते आठवड्यातून दोनदाच बाजारात जातात, त्यामुळे सहासष्ट दिवसांत त्यांच्या वाट्याला फार तर एकोणीस फेऱ्या आल्या. सवय दिवसांनी नव्हे, वारंवार घडणाऱ्या प्रसंगाने लागते, हे आमच्या दोघांकडे पाहून कळते. त्यांच्यासाठी दुचाकीच्या डिकीत एक पिशवी कायमची ठेवली आहे.

गेल्या सात दिवसांची मोजणी: नऊ.

शुक्रवार, २६ जुलै २०२४

आज गाड्या उशिरा धावत होत्या आणि डब्यात सगळ्यांच्या तोंडी २००५ चीच गोष्ट होती. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. पुराची कारणे अनेक होती, मिठी नदीचे आकुंचलेले पात्र आणि भरतीची वेळ ही त्यांतली मोठी. पण नाल्यांतून उपसलेल्या पिशव्यांचे ढीग सर्वांनी पाहिले आणि राज्याने पुढच्याच महिन्यात पिशव्यांवर बंदी जाहीर केली. बांगलादेशात तर १९८८ आणि १९९८ च्या पुरांनंतर पिशव्यांनी तुंबलेल्या गटारांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि २००२ मध्ये पातळ पिशव्यांवर देशव्यापी बंदी घालणारा तो जगातील पहिला देश ठरला.

केंद्राच्या नियमांत पिशवीची किमान जाडी वाढत गेली आहे: १९९९ मध्ये २० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. जाड पिशवी महाग पडते, म्हणून ती फुकट वाटली जाणार नाही आणि भंगारवालाही ती उचलेल, असा त्यामागचा विचार आहे. पण १२० मायक्रॉनची पिशवीही एकदाच वापरून फेकली, तर २० मायक्रॉनच्या पिशवीपेक्षा सहा पट प्लास्टिक वाया जाते.

रविवार, ४ ऑगस्ट २०२४

आज दीप अमावास्या, अर्थात बोलीभाषेत गटारी. उद्यापासून श्रावण असल्याने बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. १ जून ते ३१ जुलै ही राज्यातील मासेमारी बंदी नुकतीच उठल्याने ताजी मासळीही येऊ लागली होती. आमच्या प्रकल्पासाठी याहून कठीण परीक्षेचा दिवस नाही, कारण ओल्या मासळीला कापडी पिशवी चालत नाही आणि काळी पातळ पिशवी हीच तिथली रीत आहे.

झाकणाचा स्टीलचा मोठा डबा नेला. कोळीण मावशींनी आधी संशयाने पाहिले, कारण डब्याचे वजन मासळीत धरले गेले असे म्हणत गिऱ्हाइके मागाहून वाद घालतात. मी रिकामा डबा काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायला सांगितले, तेव्हा त्या निवळल्या आणि बोंबील साफ करून थेट डब्यात घातले. घरी आल्यावर ओट्यावर पाण्याचा एक थेंब सांडला नाही. काळ्या पिशवीतून मासळी आणल्यावर जिन्यात जी धार लागते, तिच्याबद्दल मांजरांव्यतिरिक्त कोणालाच प्रेम नाही.

यजमान चिकन आणायला गेले आणि दोन काळ्या पिशव्या घेऊन आले. डिकीतली पिशवी डिकीतच होती. रेघा ओढल्या.

रविवार, १ सप्टेंबर २०२४

शनिवारी गणपती बसतील. फुले, दुर्वा, केवडा, कापूर, सजावटीचे सामान अशी वीस ठिकाणची खरेदी गर्दीत होते, आणि खरेदी फुटली की पिशव्या फुटतात. सबंध श्रावणात मोजणी चार-पाचवर होती, ती या आठवड्यात चौदावर गेली. त्यांतल्या सहा तर पाहुण्यांनी आणलेल्या पेढ्यांच्या आणि फळांच्या आहेत. पाहुण्याला दारात अडवता येत नाही. त्या पिशव्या प्रसाद देण्यासाठी बाजूला ठेवल्या.

पहिल्या मजल्यावरच्या काकांनी आज स्वतःहून येऊन विचारले की, सार्वजनिक जिन्यात, पत्रपेटीजवळ, विसरणाऱ्यांसाठी जादा पिशव्यांची खुंटी लावली तर कसे? ज्याला हवी त्याने न्यावी, नंतर कोणतीही एक आणून टांगावी. मे महिन्यातल्या त्या कागदाबद्दल दोघेही बोललो नाही. आमच्या एकोणीसमधल्या आठ पिशव्या मी लगेच काढून दिल्या.

रविवार, २९ सप्टेंबर २०२४

खुंटीवर महिन्याच्या सुरुवातीला आठ पिशव्या टांगल्या होत्या. आज अकरा आहेत. त्यांतल्या चार मी ओळखत नाही, म्हणजे प्रकल्पात नसलेल्या घरांतून आल्या असाव्यात. एक धुवायला काढावी लागली.

आमच्या घरची या सात दिवसांची मोजणी पाच आहे. त्यांपैकी तीन पिशव्या मुलाने मोबाइलवरून मागवलेल्या वस्तूंच्या आहेत. लिंबू, शेव आणि पेन्सिलचे सेल अशा तीन वेळा तीन. तिथे उघडून धरायला पिशवीच नसते आणि समोर मावशीही नसतात, त्यामुळे आजवर बसवलेली कोणतीही रीत तिथे लागू पडत नाही. सध्या एवढेच ठरवले आहे की, मागणी नोंदवण्याआधी फ्रिजवरच्या कागदाखाली ती वस्तू लिहायची आणि मी स्टेशनवरून परतेपर्यंत थांबायचे. पहिल्या दोन दिवसांत त्याने एकदा पाळले.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी नायलॉनच्या दोन पिशव्या मागून नेल्या होत्या. त्यांतल्या एकीचा बंद नारळांनी उसवला, तो चौकोनी टीप आणि फुली घालून पुन्हा लावायचा आहे. वहिनींकडे इरकलीच्या काठाचा एक तुकडा उरलेला आहे. जाड सुई तेवढी आणायची आहे.